एका सालच्या दोन तबकड्या

संगीताच्या इतिहासांत कांहीं कलावंत असे असतात कीं, त्यांनीं शेंकडों ध्वनिमुद्रिका दिल्या तरी पुढच्या पिढीला त्यांचें नांवहि ठाऊक नसतें. आणि कांहीं असे कीं, त्यांची एकुलती एक तबकडीच मागें उरते व तीच त्यांचा सारा इतिहास होऊन बसते. अशा दोन तबकड्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. दोन्ही १९७७ सालच्या. एक लंडनची आणि दुसरी आपल्या मुंबईची. लंडनच्या बँडचें नांव 'सेक्स पिस्टल्स', मुंबईच्या बँडचें 'ॲटॉमिक फॉरेस्ट'. बँड म्हणतांच आपल्याकडे वरातीपुढें चालणारे लाल डगलेवाले डोळ्यांसमोर उभे राहतात. येथें अर्थ इतकाच कीं, चार-पांच तरुणांनीं एकत्र येऊन गिटार, ढोल आणि कंठ यांचा मांडलेला मेळ. पहिल्या तबकडीनें एका देशाच्या संगीताची दिशा बदलली. दुसरी चौतीस वर्षें जवळजवळ विस्मृतींत पडून राहिली. हा फरक कां पडला, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय.

लंडनच्या बँडचा जो पंथ, त्याला 'पंक' म्हणतात. इंग्रजींत हा शब्द जुना आहे. कुजक्या, पण ठिणगी पडतांच पेट घेणाऱ्या लांकडाला तो लावीत. पुढें उनाड आणि टाकाऊ माणसालाहि लावूं लागले. संस्कृतांत पंक म्हणजे चिखल, आणि त्यांतून वर येतें तें पंकज. परंतु लंडनच्या या पोरांना कमळाची मुळींच हौस नव्हती. चिखल जसा आहे तसाच सभ्य लोकांच्या दिवाणखान्यांत आणून ठेवावा, एवढाच त्यांचा हेतु होता.

त्याला कारणहि होतें. सन १९७० नंतरचें ब्रिटन म्हणजे ओसरत्या वैभवाचें घर. १९७४ च्या आरंभीं विजेच्या टंचाईमुळें कारखाने आठवड्यांतून तीनच दिवस चालत. १९७६ सालीं, ज्या राष्ट्रानें एके काळीं जगाला कर्ज दिलें, त्यालाच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें हात पसरावा लागला. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलांना नोकरी नाहीं. इकडे रॉक-संगीत मात्र श्रीमंत झालें होतें. वीस-वीस मिनिटांच्या रचना, ट्रकभर यंत्रसामग्री आणि क्रीडांगणाएवढीं सभागृहें. रस्त्यावरच्या पोराला तें परकें वाटूं लागलें, यांत नवल नाहीं.

किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लॅरन व व्हिव्हियन वेस्टवुड यांचें चमत्कारिक कपड्यांचें दुकान होतें. तेथें घुटमळणाऱ्या पोरांतून हा बँड जमला. गिटारीवर स्टीव्ह जोन्स, ढोलावर पॉल कुक, खालच्या सुरांच्या गिटारीवर ग्लेन मॅटलॉक, आणि गायक जॉन लायडन. याला किडक्या दातांवरून 'जॉनी रॉटन', म्हणजे कुजका जॉनी, असें नांव पडलें तें कायमचेंच. गायक म्हणण्यापेक्षां ओरडणारा म्हणावें, असें आपल्यांतील अनेकांस वाटेल. माझें मत निराळें आहे. त्या ओरडण्यांत शब्द स्पष्ट आहेत, लय पक्की आहे आणि उपहास काठोकाठ भरलेला आहे. आपल्या जुन्या शाहिरांनाहि रेशमी गळा कोणी मागितला नव्हता.

१ डिसेंबर १९७६ रोजीं लंडनच्या दूरचित्रवाणीवर सायंकाळच्या कार्यक्रमांत ही मंडळी आली. मुलाखत घेणाऱ्या बिल ग्रंडीनें त्यांना डिवचलें, त्यांनीं तोंडाला येईल तें बोलून घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर त्यांचाच धिक्कार झाला. ठरलेल्या कार्यक्रमांपैकीं बहुतेक रद्द झाले. ज्या ई.एम.आय. कंपनीशीं त्यांचा करार होता तिनें जानेवारींत तो मोडला. ही ई.एम.आय. आपल्याला परकी नाहीं. भोंग्यापुढें कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें चित्र आपल्याकडे घरोघरीं होतें. तें ज्या ग्रामोफोन कंपनीचें, ती त्या काळीं याच ई.एम.आय.ची शाखा होती. १० मार्च १९७७ रोजीं ए. अँड एम. कंपनीनें राजवाड्यासमोर टेबल मांडून नवा करार केला आणि आठवडा उलटण्यापूर्वींच तोहि रद्द केला. छापून तयार असलेल्या बहुतेक तबकड्या नष्ट करण्यांत आल्या. शेवटीं मे महिन्यांत 'व्हर्जिन' या तुलनेनें लहान कंपनीनें त्यांना पदरांत घेतलें.

त्या वर्षीं जून महिन्यांत राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता. त्याच्या तोंडावर या मंडळींनीं राष्ट्रगीताच्याच पहिल्या शब्दांचें शीर्षक देऊन एक उपहासगीत प्रसिद्ध केलें. बी.बी.सी.नें त्यावर बंदी घातली, मोठ्या दुकानांनीं तें ठेवण्याचें नाकारलें, आणि तरीहि खपाच्या यादींत तें दुसऱ्या क्रमांकावर गेलें. पहिला क्रमांक मुद्दाम नाकारण्यांत आला, असा संशय त्या वेळीं अनेकांनीं बोलून दाखविला. येथें नागपूरकरांना एक गोष्ट सहज आठवेल. बरोबर शंभर वर्षांपूर्वीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, याच एलिझाबेथची खापरपणजी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशीं जमशेटजी टाटांची गिरणी आपल्या गांवीं सुरू होऊन तिला 'एम्प्रेस' हें नांव मिळालें. एका शतकांत राणीच्या नांवाचा प्रवास गिरणीच्या दारावरच्या पाटीपासून गल्लींतल्या पोरांच्या टवाळीपर्यंत झाला. सम्राज्ञीची गिरणीहि पुढें बंद पडलीच.

ऑक्टोबर १९७७ च्या अखेरीस या बँडची मोठी तबकडी निघाली. 'नेव्हर माइंड द बॉलक्स' हें तिच्या नांवाचें पहिलें अर्धांग. पिवळ्याधमक वेष्टणावर, खंडणीच्या चिठ्ठींत कापलेलीं अक्षरें चिकटवावीं तशीं अक्षरें. हें काम जेमी रीड या चित्रकाराचें. आंत चाळीस मिनिटांहून कमी वाजणारीं बारा गाणीं. मॅटलॉक तोंवर बाहेर पडला होता. त्याच्या जागीं आलेल्या सिड व्हिशसला वाद्य फारसें येत नव्हतें, म्हणून खालच्या सुरांचें बहुतेक काम जोन्सनेंच केलें. गंमत अशी कीं, 'यांना वाजवितां येत नाहीं' अशी ज्यांची ख्याति, त्यांची ही तबकडी फार काळजीपूर्वक मुद्रित केलेली आहे. क्रिस टॉमस व बिल प्राइस या अनुभवी ध्वनिमुद्रकांनीं गिटारीचे थर एकावर एक असे चढविले आहेत कीं, ऐकतांना भिंत अंगावर यावी. अडाणीपणाचा आव आणि कामाची सफाई हीं दोन्हीं तेथें एकत्र नांदतात.

तबकडी पहिल्या क्रमांकावर पोंचली. नोव्हेंबरांत नॉटिंगहॅम येथील एका दुकानदारावर, खिडकींत हें नांव लावल्याबद्दल, १८८९ सालच्या अश्लील जाहिरातींच्या कायद्याखालीं खटला झाला. बचावासाठीं उभे राहिले जॉन मॉर्टिमर, रंपोल वकिलाच्या कथा लिहिणारे तेच. त्यांनीं साक्षीला आणले नॉटिंगहॅम विद्यापीठांतील इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ले. प्राध्यापकमहाशयांनीं न्यायासनासमोर शांतपणें व्युत्पत्ति सांगितली: शब्द फार जुना, एके काळीं धर्मोपदेशकांना उद्देशून वापरीत, आणि येथें त्याचा अर्थ केवळ 'निरर्थक बडबड' एवढाच. न्यायाधीशांनीं मोठ्या नाखुषीनें आरोपीस सोडलें. आपल्याकडे असाच प्रसंग पांच वर्षांपूर्वीं होऊन गेला होता. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकाला परिनिरीक्षण मंडळानें अडविलें, तेव्हां कमलाकर सारंग उच्च न्यायालयांत गेले व जिंकले. शिवी ही भाषेची मालमत्ता आहे काय, हा प्रश्न दोन्ही शहरांत न्यायालयांनाच सोडवावा लागला, ही गोष्ट मला मोठी विचार करण्याजोगी वाटते.

यानंतर बँडचें आयुष्य जेमतेम अडीच महिन्यांचें. जानेवारी १९७८ मध्यें अमेरिकेच्या दौऱ्यांत सॅन फ्रान्सिस्को येथें शेवटचा कार्यक्रम झाला आणि मंडळी फुटली. सिड व्हिशस पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत मादक द्रव्यांनीं मेला. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. त्या मूळ मंडळीची दुसरी मोठी तबकडी झाली नाहीं.

मग प्रभाव कसा पडला? येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण नुसत्या खपानें प्रभाव पडत नसतो. ४ जून १९७६ रोजीं, म्हणजे मोठी तबकडी निघण्याच्या सोळा-सतरा महिने आधीं, हा बँड मँचेस्टरच्या एका लहान सभागृहांत वाजला. श्रोते चाळीसेक असतील. परंतु त्या चाळिसांत पीटर हूक व बर्नार्ड सम्नर होते, ज्यांनीं पुढें 'जॉय डिव्हिजन' काढला. मॉरिसी होता, ज्यानें पुढें 'द स्मिथ्स' गाजविला. कार्यक्रम भरविणारे होते हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली. या दोघांच्या 'बझकॉक्स' बँडनें १९७७ च्या जानेवारींत सुमारें पांचशें पौंड उसने आणून, कोणत्याहि मोठ्या कंपनीच्या दारांत न जातां, स्वतःची चार गाण्यांची तबकडी छापली. पहिल्या खेपेस एक हजार प्रती काढल्या, त्या बघतां बघतां संपल्या. त्याच सुमारास मार्क पेरी नांवाच्या बँकेंतल्या एका कारकुनानें 'स्निफिन ग्लू' हें यंत्रावर नकला काढलेलें पत्रक सुरू केलें. त्याच्यामागून अशीं पत्रकें गांवोगांव निघालीं. म्हणजे पाहा, ठिणगी पिस्टल्सची, पण जळण आधींच रचलेलें होतें: स्वस्त सभागृह, उसने पैसे, हातानें काढलेलें मासिक, आणि 'हें आपल्यालाहि जमेल' असें वाटणारे चाळीस श्रोते.

आतां मुंबईकडे वळूं.

मुंबईंत त्या काळीं पाश्चात्य संगीताची हवा मुळींच नव्हती असें समजूं नका. १९७० व १९७१ सालीं 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठीं 'सिमला बीट' नांवाच्या स्पर्धा झाल्या, त्यांत देशभरचे बँड आले आणि त्यांच्या निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. १९७१ सालीं लोणावळ्याजवळ मळवली येथें 'स्नेहयात्रा' नांवाचा मोकळ्या मैदानांतला संगीतमेळा भरला. १९७२ सालीं 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध बँडचे पेज व प्लँट कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नांवाच्या नाचघरांत चक्क स्थानिक वादकांबरोबर वाजवून गेले. १९७४ सालीं ॲलेक पदमसींनीं 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हें संगीतक रंगभूमीवर आणलें. त्यांत येशूच्या भूमिकेंत मधुकर चंद्र धस होते व ज्यूडासच्या भूमिकेंत नंदू भेंडे. हे नंदू म्हणजे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या आपल्या रंगभूमीच्या दांपत्याचे चिरंजीव. 'वेल्वेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर' या बँडांतून ते गात असत.

'ॲटॉमिक फॉरेस्ट' हा बँड याच मातींतला. मधुकर धस त्यांचे गायक, कीथ कांगा आणि नील चट्टोपाध्याय हे वादक. त्यांची एकमेव मोठी तबकडी 'ऑब्सेशन ७७'. हा पंक नव्हे, हें मीं आधींच सांगावें. यांची गिटार घोगरी आणि धुरकट आहे, तालांत अमेरिकन निग्रो संगीतांतील 'फंक'चा ठेका आहे, आणि परकीय गीतांच्या स्वतःच्या आवृत्त्यांबरोबर स्वतःच्या रचनाहि आहेत. वादन मात्र पिस्टल्सपेक्षां निःसंशय अधिक तयारीचें. परंतु नांवांतला ७७ चा आंकडा तबकडी बाजारांत येईपर्यंत शिळा झाला होता. ती आली ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशीं. तोंवर बँड पांगला होता आणि श्रोता डिस्कोकडे वळला होता. वाजविणारे नाहींत, ऐकणारे नाहींत, अशा वेळीं ती दुकानाच्या फळीवर गेली.

ही कलावंतांची उणीव नव्हे. लंडनमध्यें एका कंपनीनें हाकललें तर दुसरी होती, तिनेंहि हाकललें तर तिसरी होती, आणि तीहि नको असेल तर पांचशें पौंडांत घरचाच उद्योग थाटतां येत होता. आपल्याकडे दमदमच्या कारखान्याची त्या ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी. सत्तरच्या सुमारास 'पॉलिडोर' आली तरी दारें दोनच. खप चित्रपटगीतांचा, मग इंग्रजी गाणाऱ्या पोरांवर भांडवल कोण लावणार? परदेशी गिटारी व ध्वनिवर्धक यांवर जबर जकात. उत्पन्न काय तें हॉटेलांतल्या वादनाचें; आणि तेथें गिऱ्हाईक मागे तें ओळखीचें परकीय गाणें, याचें स्वतःचें नव्हे.

आणि रेडिओ? आपण रेडिओवरूनच बोलत आहों, तेव्हां हेंहि बोललें पाहिजे. १९५२ सालीं मंत्री झालेल्या डॉ. बाळकृष्ण केसकरांनीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार केलीं. श्रोता निमूटपणें रेडिओ सिलोनकडे गेला, व १९५७ सालीं विविध भारती सुरू करून त्याला परत बोलवावें लागलें. केसकरांची शास्त्रीय संगीतावरची निष्ठा खरी होती, आणि त्या निष्ठेनें अनेक गवयांचे संसार चालले. पण बंदीची चव दोन प्रकारची असते. बी.बी.सी.नें पिस्टल्सला नाकारलें तें मोठ्या आवाजांत, आणि तीच त्यांची जाहिरात झाली. मुंबईच्या बँडांना कोणी मोठ्यानें नाकारलेंहि नाहीं.

तथापि मुंबईंत पंकाची वृत्ति नव्हती, असें कोणी म्हणेल तर तें मला मान्य नाहीं. ती होती, आणि लंडनच्या आधीं होती. फक्त ती गिटारींत नव्हती, छापखान्यांत होती. १९५४ सालीं दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र यांनीं 'शब्द' हें अनियतकालिक काढलें. १९६३ सालीं अशोक शहाण्यांचें 'असो' निघालें. पुढें 'वाचा' आणि कितीतरी. प्रतिष्ठित मासिकें आम्हांला छापीत नाहींत ना, मग आमचें आम्हींच छापूं. कागद हलका, अंक केव्हां निघेल त्याचा नेम नाहीं, वर्गणीदार मोजके. 'स्निफिन ग्लू'च्या संपादकानें १९७६ सालीं जें केलें, तें गिरगांवांत आणि दादरांत तेरा वर्षें, नव्हे बावीस वर्षें आधीं झालें होतें. आपल्या नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं बाबासाहेबांनीं लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतरच्या सोळाव्या वर्षीं मुंबईंत 'दलित पँथर' स्थापन झाली, राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधने'त आला आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' निघाला. शिवीला काव्यांत जागा, गटाराला काव्यांत जागा, आणि राष्ट्रीय उत्सवाच्याच दिवशीं राष्ट्राला विचारलेला जाब: रौप्यमहोत्सवी राणीची टवाळी १९७७ ची, आपल्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला जाब विचारला गेला तो १९७२ सालीं. शिवाय पँथरांच्या मागें जातीचा हजारों वर्षांचा दाह होता, लंडनच्या पोरांमागें बेकारीचीं कांहीं वर्षें. तेव्हां या तुलनेंत पारडें कोणाचें जड, हें सांगावयास नको.

दुर्दैव एवढेंच कीं, हे दोन मुंबईकर एकमेकांना भेटले नाहींत. वाजविणारे इंग्रजींत गात आणि कुलाब्याकडे राहत. लिहिणारे मराठींत लिहीत आणि त्यांच्या हातीं वाद्य नव्हतें. अपवाद अगदीं थोडे. कोलटकर पखवाज शिकत होते, त्यांनीं इंग्रजी गाणीं रचलीं, १९७३ च्या सुमारास नमुन्यादाखल मुद्रितहि केलीं. पण त्यांची तबकडी कोणी काढली नाहीं. दुसरा अपवाद नंदू भेंडे. १९७८ सालीं पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनें 'तीन पैशाचा तमाशा' केला. ब्रेख्त व कुर्ट वाइल यांचें १९२८ चें बर्लिनमधील संगीतक, त्याचें मूळ जॉन गे याचें १७२८ चें लंडनमधील. मराठी रूप पु. ल. देशपांड्यांचें, दिग्दर्शन जब्बार पटेलांचें. त्यांत नाट्यसंगीत, लोकसंगीत आणि पाश्चात्य ठेका यांची एकत्र मिसळण होती, आणि नंदूंचा रॉक-गायकाचा गळा मराठी शब्द घेऊन रंगमंचावर आला. चोर, भिकारी, पोलीस यांची ती कथा. मला विचाराल तर 'ॲटॉमिक फॉरेस्ट'च्या पिढीचें खरें उत्तरकार्य त्या नाटकांत आहे, तबकडींत नव्हे. पुढें नंदू 'डिस्को डान्सर' चित्रपटांत गायले, ती गोष्ट निराळी. ते २०१४ सालीं वारले.

पुढची कथा लवकर आटोपते. कॅसेटी आल्या आणि कंपन्यांची मक्तेदारी मोडली. १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनांत 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरूं लागला. २०११ सालीं 'द रायट पेडलर्स' या तिघांच्या मुंबईकर बँडनें 'सरकार्झम' नांवाची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. ती मात्र चोख पंक होती आणि सरकारची टवाळी करणारी होती. २०१९ सालीं 'स्वदेशी' या रॅप गाणाऱ्या मंडळींनीं आरे येथील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' केलें. येथें मराठी शब्द, आदिवासी गाणें आणि विजेचा ताल एका ठिकाणीं आले. आमच्या प्रतापनगरांतहि संध्याकाळीं एखाद्या गच्चीवरून विजेच्या गिटारीचा आवाज येतो, आणि शेजारची मंडळी खिडक्या लावून घेतात. त्या मुलाला आतां कंपनीची गरज नाहीं. खोलींत मुद्रण करून रात्रींतून तो तें जगभर पाठवूं शकतो. चाळीस श्रोत्यांचें सभागृह मात्र त्याला अजून शोधावें लागतें.

'ऑब्सेशन ७७' ची नवी आवृत्ति २०११ सालीं निघाली. ती काढली लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीनें. त्यानंतर परदेशांतील संग्राहकांनीं तिच्याविषयीं लिहिलें आणि मग आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीं ती हकीकत छापली. मुंबईंत वाजलेली ही तबकडी आज एखाद्या नागपूरकराला ऐकावयाची असेल, तर ती त्याला कॅलिफोर्नियाच्या छापानेंच ऐकावी लागते.